ध्रुवीय बेटांवर उतरताना बूट का धुतात?

वर्धा जिल्ह्यातून अंटार्क्टिकाला जायचे, तर आधी नागपूर गाठायचे. मग मुंबई किंवा दिल्ली. तिथून विमाने बदलत अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनस आयर्स, पुढे आणखी एक विमान धरून त्या देशाच्या दक्षिण टोकावरचे उश्वाया बंदर आणि तिथून पुढे जहाज. खर्च काही लाखांच्या घरात. तरीही महाराष्ट्रातल्या पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत पेंग्विन आता नेहमी दिसू लागले आहेत आणि निवृत्तीनंतर अशा सफरीला निघणाऱ्यांत मराठी माणसेही असतात.

दुसऱ्या ध्रुवाकडून मात्र एक प्रवासी दरवर्षी बिनतिकीट विदर्भात येतो. त्याचे नाव छोटा टिलवा. चिमणीएवढा हा पाणपक्षी उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाजवळच्या सैबेरियात, तिथल्या टुंड्रा प्रदेशात आणि नोवाया झेम्ल्या, न्यू सैबेरियन यांसारख्या बेटांवर अंडी घालतो. थंडी सुरू झाली की पाच हजारांहून अधिक किलोमीटर उडून तो भारतातल्या तलावांच्या चिखलात चोच खुपसून किडे टिपू लागतो. पाणी ओसरलेल्या काठावर शिवणयंत्राच्या सुईसारखी भराभर चोच मारणारा राखाडी-पांढरा इवलासा पक्षी दिसला, तर तो बहुधा हाच.

माणसाची जहाजे ध्रुवाकडे जातात आणि ध्रुवाकडचे पक्षी माणसाच्या दाराशी येतात. या ये-जा करण्यात सोबत काय काय जाते, हा गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांच्या काळजीचा विषय झाला आहे. दूर असणे हेच ज्या बेटांचे संरक्षण होते, तिथे ते संरक्षण आता पुरे पडत नाही.

जहाजावरची झाडाझडती

उश्वायाहून निघालेल्या जहाजाला अंटार्क्टिक द्वीपकल्प गाठायला साधारण दोन दिवस लागतात. वाटेतली ड्रेक सामुद्रधुनी खवळलेल्या लाटांसाठी कुप्रसिद्ध आहे. पोटातले ढवळणे सांभाळत प्रवाशांना या दोन दिवसांत एक काम करावे लागते. अंगावर घालायचे जाकीट, पँट, टोपी, हातमोजे, पाठीवरची पिशवी, कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय असे सगळे घेऊन ते एका दालनात जमतात. तिथे व्हॅक्यूम क्लीनर, ब्रश आणि चिमटे ठेवलेले असतात. खिशांचे कोपरे, चिकटपट्ट्यांमधले धागे, बुटांच्या तळव्यांतल्या खाचा यांतून गवताचे बी, माती, काडीकचरा वेचून काढायचा असतो. किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी आणि परत आल्यावर बूट जंतुनाशकात बुडवून घासायचे, हे वेगळेच.

एवढा खटाटोप कशासाठी? २००७-०८ च्या हंगामात शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे आणि सामान तपासले. त्यातून त्यांनी काढलेली सरासरी माणशी साडेनऊ बियांची होती. पर्यटकच तेवढे बेफिकीर आणि संशोधक काटेकोर, असाही प्रकार नव्हता. काम करायला जाणारे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहायक यांच्या सामानात माणशी अधिक बिया सापडल्या. वार्षिक पोआ नावाचे, जगभर रस्त्याकडेला उगवणारे साधे गवत किंग जॉर्ज बेटावरच्या पोलिश तळाजवळ १९८० च्या दशकात उगवलेले आढळले. ते अजूनही पुरते हटलेले नाही.

जहाजावरचे नियम याच अनुभवातून आले. अंटार्क्टिकाला पर्यटक नेणाऱ्या सात कंपन्यांनी १९९१ मध्ये स्वतःची संघटना उभारली आणि आज जवळपास सर्व कंपन्या तिच्यात आहेत. एका वेळी एका ठिकाणी शंभराहून अधिक प्रवासी उतरवायचे नाहीत. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाने कुणालाच उतरवायचे नाही. पेंग्विनपासून किमान पाच मीटर दूर राहायचे आणि तोच चालत जवळ आला, तर आपण मागे सरायचे. वाट पहिली त्याची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला दहा हजारांच्या आत असलेले पर्यटक २०२३-२४ च्या हंगामात सुमारे १ लाख २० हजारांवर गेले. त्यांतले काही नुसतेच जहाजावरून पाहून परतणारे होते. तरीही हजारो बुटांचे जोड किनाऱ्याला लागलेच.

भारताचाही या प्रश्नाशी जुना संबंध आहे. पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली होती आणि डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील २१ जणांचे पथक ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरले होते. आज मैत्री आणि भारती हे दोन तळ तिथे चालू आहेत. उत्तरेकडे स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून हिमाद्री हे केंद्र आहे. या सगळ्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. संसदेने २०२२ मध्ये अंटार्क्टिकाविषयी स्वतंत्र कायदा केला. परके प्राणी, वनस्पती किंवा सूक्ष्मजीव तिथे नेण्यास त्यात बंदी आहे.

उंदीर आणि कुत्रे

बुटातल्या बियांची एवढी धास्ती घेण्यामागे दक्षिण जॉर्जिया बेटाचा धडा आहे. अंटार्क्टिकाच्या उत्तरेला, दक्षिण अटलांटिक महासागरातले हे डोंगराळ बेट वन्यजीव पाहायला जाणाऱ्यांचे आवडते ठिकाण. तिथल्या सेंट अँड्र्यूज उपसागराच्या किनाऱ्यावर राजा पेंग्विनांच्या लाखो जिवांची वसाहत भरते. जगातल्या दक्षिणी एलिफंट सीलपैकी निम्म्याच्या आसपास याच बेटावर पिल्ले घालतात. पंखांचा विस्तार तीन मीटरच्या पुढे जाणारा भटक्या अल्बाट्रॉस इथे घरटे करतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सील आणि पुढे देवमासे मारायला आलेल्या जहाजांतून उंदीर या बेटावर उतरले. इथल्या पक्ष्यांना जमिनीवर अंडी घालायची सवय. झाडच नाही, तर घरटे कुठे बांधणार? चार पायांचा शत्रू त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. उंदरांनी अंडी आणि पिल्ले फस्त केली. बेटावरचा एकमेव गाणारा पक्षी, दक्षिण जॉर्जियाचा पिपिट, उंदीर न पोहोचलेल्या कडेच्या तुकड्यांपुरता उरला. २०११ ते २०१५ दरम्यान हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून उंदीर संपवण्यात आले, पुढे वास घेणाऱ्या कुत्र्यांकडून बेट पिंजून घेतले आणि २०१८ मध्ये ते उंदीरमुक्त जाहीर झाले. पिपिटचे गाणे जुन्या जागी परत ऐकू येऊ लागले. जहाजातून उतरायला उंदरांना एक रात्र पुरली असेल. त्यांना हटवायला दोनशे वर्षांनी एवढी मोठी मोहीम काढावी लागली.

आजारांचेही तसेच. बर्फावरची गाडी ओढणारे कुत्रे अनेक दशके अंटार्क्टिकातल्या तळांवर होते. १९९१ च्या माद्रिद करारानंतर एप्रिल १९९४ पर्यंत ते सगळे हलवले गेले. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा आजार सीलना लागेल, अशी भीती त्यामागे होती. माणसांचा आजारही तिथे पोहोचू शकतो, हे डिसेंबर २०२० मध्ये दिसले. चिलीच्या ओ'हिगिन्स तळावर तेव्हा ३६ जणांना करोनाची लागण झाली होती.

आणि विषाणू पोहोचला

ज्याची भीती होती ते ऑक्टोबर २०२३ मध्ये घडले. दक्षिण जॉर्जियाच्या वायव्य टोकाला असलेल्या बर्ड आयलंडवर तपकिरी स्कुआ पक्षी मरू लागले. तपासणीत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा घातक विषाणू सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरही आढळला.

हा विषाणू पर्यटकांच्या बुटांतून गेला नव्हता. जनुकांवरून त्याची वाट काढता आली. २०२२ च्या अखेरीस तो दक्षिण अमेरिकेत शिरला. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यांवर हजारो समुद्रसिंह मेले. २०२३ मध्ये अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पावर त्या वर्षी जन्मलेली एलिफंट सीलची जवळपास सगळी पिल्ले दगावली. तिथून समुद्रावर हिंडणाऱ्या पक्ष्यांनी तो दक्षिणेकडे नेला. स्कुआ हा मेलेले प्राणी खाऊन जगणारा, गिधाडाची जागा भरणारा पक्षी. आजारी जनावराचे मांस त्याने खाल्ले की विषाणू त्याच्यात शिरतो.

दक्षिण जॉर्जियातल्या एलिफंट सीलचे काय झाले, हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळले. संशोधकांनी बेटावरच्या तीन सर्वांत मोठ्या वसाहतींची हवाई छायाचित्रे घेऊन पिल्लांसाठी किनाऱ्यावर आलेल्या माद्या मोजल्या. २०२२ च्या तुलनेत २०२४ मध्ये त्यांची संख्या ४७ टक्क्यांनी कमी भरली. सगळ्याच माद्या मेल्या असतील असे नाही. काहींनी त्या वर्षी पिल्लू घातले नसेल, काही किनाऱ्यावर आल्या नसतील. पण सावकाश वाढणाऱ्या प्राण्यात माद्या एवढ्या घटल्या, तर भरपाईला कितीतरी वर्षे लागतात.

उत्तर ध्रुवाकडची बातमीही चांगली नाही. २०२३ मध्ये स्वालबार्डच्या बेटांवर मेलेल्या एका वॉलरसमध्ये आणि अलास्कात मेलेल्या एका ध्रुवीय अस्वलात बर्ड फ्लूचा विषाणू सापडला.

मग पर्यटकांचे बूट धुऊन काय उपयोग? उपयोग असा की विषाणू बेटावर एकदा पोहोचला, तरी तो प्रत्येक किनाऱ्यावर पोहोचलेला नसतो. पक्ष्यांची विष्ठा तुडवून एक माणूस सकाळी एका वसाहतीत आणि दुपारी चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या वसाहतीत उतरतो. पेंग्विन असा फिरत नाही; जहाज फिरते. म्हणून आता प्राण्यांच्या वावराच्या जागी बसायचे नाही, गुडघे टेकायचे नाहीत, पिशवी जमिनीवर ठेवायची नाही, असा नियम आहे. जमिनीला लागायचे ते फक्त बूट, कारण तेवढेच नीट धुता येतात. किनाऱ्यावर नेहमीपेक्षा जास्त मेलेले प्राणी दिसले, तर उतरणेच रद्द होते. स्वालबार्डमध्ये नॉर्वेने १ जानेवारी २०२५ पासून नियम आणखी कडक केले. संरक्षित भागात दोनशेहून अधिक प्रवाशांची जहाजे बंद झाली, उतरण्याच्या जागा ठरवून दिल्या आणि अस्वलापासून किमान तीनशे मीटर अंतर सक्तीचे केले. मार्च ते जून या काळात हे अंतर पाचशे मीटर असते.

पाहुण्यांवर खापर नको

हे सगळे वाचून विदर्भातल्या तलावांवर येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांकडे संशयाने पाहण्याचा मोह होईल. तो टाळायला हवा. एच५एन१ च्या आजच्या घातक घराण्याचा मूळ पुरुष १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, पाळीव हंसांत सापडला. रानबदकांमध्ये फ्लूचे सौम्य विषाणू फार पूर्वीपासून आहेत. ते बदकाला फारसा त्रास देत नाहीत. हजारो पक्षी एकत्र कोंडलेल्या ठिकाणी असा विषाणू शिरला, की एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तो बदलत जातो आणि कधीतरी मारक बनतो. मारक झालेला विषाणू पुढे रानात परततो. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरावर सहा हजारांहून अधिक रानपक्षी मेले. त्यांत सर्वाधिक होते पट्टकादंब, म्हणजे हिमालय ओलांडून हिवाळ्यात भारतातल्या तलावांवर येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस. ज्याला वाहक म्हणून बोल लावले जातात, तो आधी बळी ठरला.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, महाराष्ट्रातच. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबडीपालन केंद्रांत. त्यानंतर तो देशात अनेकदा डोकावला. वर्धेकरांना सर्वांत जवळची घटना नागपूरची. गोरेवाडा येथील बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत नमुने तपासल्यावर एच५एन१ असल्याचे स्पष्ट झाले. वाघ-बिबट्यांना हा विषाणू लागू शकतो, हे २००४ मध्ये थायलंडमधील एका व्याघ्र उद्यानात दिसले होते. बाधित कोंबड्यांचे कच्चे मांस खाऊन तिथे दीडशेच्या आसपास वाघ गमवावे लागले होते.

वर्धा जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे, २०१४ मध्ये घोषित झालेला आणि देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याला लागूनच बोर धरणाचे पाणी. एकाच पाण्यावर पाणपक्षी, वाघ, गावची गुरे आणि आजूबाजूच्या गावांतल्या गावरान कोंबड्या. दक्षिण जॉर्जियाच्या किनाऱ्यावर स्कुआ, सील आणि पेंग्विन जसे एकमेकांना लागून असतात, तशीच ही शेजारपाजारची वस्ती.

माणसाला धोका किती? सध्या तरी कमी. २००३ पासून जगभरात एच५एन१ ची लागण झालेल्या माणसांची नोंद नऊशेहून अधिक आहे. भारतात अशा घटना अगदी मोजक्या आहेत. पण लागण झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे दगावली, म्हणून आरोग्य यंत्रणा हा विषाणू हलक्यात घेत नाहीत. बहुतेकांचा संबंध आजारी किंवा मेलेल्या कोंबड्यांशी थेट आला होता. ७० अंश सेल्सिअसला विषाणू टिकत नाही, त्यामुळे नीट शिजवलेले चिकन आणि उकडलेली अंडी खायला हरकत नाही. अर्धकच्चे मात्र टाळावे.

तलावाकाठीही तेच नियम

ध्रुवीय बेटांसाठी ठरवलेले नियम घरच्या तलावालाही जसेच्या तसे लागू पडतात. त्यासाठी जहाजाचे तिकीट लागत नाही.

पहिला नियम अंतराचा. अंटार्क्टिकात पेंग्विन घरट्यावरून उठला, तर स्कुआ क्षणात अंडे पळवतो; म्हणून पाच मीटर. तलावावर टिलव्यांचा थवा उडाला, तर आपले काही बिघडत नाही, त्यांचे बिघडते. परतीच्या हजारो किलोमीटरसाठी ते मार्च-एप्रिलमध्ये अंगात चरबी साठवत असतात. छायाचित्रासाठी थवा वारंवार उडवला, तर तीच शिदोरी इथेच खर्च होते. खाणारे पक्षी माना वर करून पाहू लागले, की आपण फार जवळ गेलो असे समजावे. ड्रोन तर पक्ष्यांना शिकारी पक्ष्यासारखाच भासतो.

दुसरा नियम बुटांचा. एका दिवसात दोन-तीन तलाव पालथे घालणाऱ्या पक्षिनिरीक्षकांनी मधल्या वेळात बुटांचा चिखल घासून धुवावा. घरी किंवा शेतात कोंबड्या असतील, तर तलावावर घातलेली चप्पल खुराड्यात नेऊ नये. कोंबड्यांचे दाणे-पाणी रानपक्ष्यांना पोहोचणार नाही अशा जागी ठेवावे. मेलेली कोंबडी नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकू नये. कावळे आणि कुत्री तिचे पुढचे वाहक होतात.

तिसरा नियम मेलेल्या पक्ष्यांचा. एखादा पक्षी मेलेला सापडणे नेहमीचेच. पण एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसले, किंवा मान वाकडी करून तोल जाणारे, गोल फिरणारे पक्षी आढळले, तर हात लावू नये. लहान मुलांना आणि कुत्र्यांना दूर ठेवावे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा वन विभागाला कळवावे. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ आणि वन विभागासाठी १९२६ हे टोल फ्री क्रमांक आहेत. चुकून हात लागलाच तर साबणाने धुवावा आणि पुढच्या दहा दिवसांत ताप, खोकला किंवा डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना त्या पक्ष्याविषयी आवर्जून सांगावे. सांगितले नाही, तर तो साध्या फ्लूसारखाच वाटतो.

बर्ड आयलंडवर विषाणू आल्याचे लगेच कळले, कारण तिथे वर्षानुवर्षे पक्षी मोजणारी माणसे होती. किती असतात हे ठाऊक असेल, तरच किती कमी झाले हे कळते. दर जानेवारीत देशभर पाणपक्ष्यांची गणना होते. वर्धा जिल्ह्यातल्या तलावांवरची अशी नोंद जितकी नियमित होईल, तितका पुढच्या आजाराचा सुगावा लवकर लागेल.